खाली नावाचं शेत

धारजवळच्या आमच्या कृषी महाविद्यालयात एका शेताचं नाव होतं 'वर' आणि दुसऱ्याचं 'खाली'. मराठी माणसाला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. उताराच्या वरच्या अंगाला, रस्त्याला लागून होतं ते वर, आणि ओढ्याच्या बाजूचं ते खाली. पण महाविद्यालय माळव्यात, मुलं हिंदी शाळांतून आलेली. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं आणि 'वर' म्हणजे फक्त नवरदेव. त्यामुळे दर वर्षी नवी तुकडी आली की महिनाभर तेच विनोद नव्यानं व्हायचे, आणि सर ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे गंभीर चेहऱ्यानं ऐकून घ्यायचे.

सर म्हणजे आमचे प्रक्षेत्र अधीक्षक. महाविद्यालयाची सगळी शेती त्यांच्या ताब्यात. ते जाऊन आता काही वर्षं झाली. मीही तिथून बदलून दुसरीकडे आले. पण अजून कुणी 'ज़रा नीचे रख दो' म्हणालं की माझ्या मनात आपोआप 'नीचे नाही, खाली' असं येतं. एवढी सवय त्यांनी मला लावली.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती विद्यार्थिनी म्हणून, पहिल्याच आठवड्यात. बांधावरून चालले होते, तर समोरून हे आले. उंच, वाकलेले, डोक्यावर टॉवेल.

"कुठं निघालीस?" शुद्ध मराठीत विचारलं. मी गडबडले. म्हटलं, "नीचेवाल्या खेतात चाललेय, सर."

"गाव कुठलं?"

"देवास."

"म्हणजे तू देवासकर. तर हे बघ देवासकर, नीचे बाकीचे जातात. आपण खाली जातो. आणि खेत नव्हे, शेत."

माझे वडील जळगावकडून देवासला कारखान्यात नोकरीला आले. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत माळवी 'कई भिया'. मला मराठी बोलता यायची, वाचताना मात्र अडखळायचे. त्या दिवशी मला सरांचा भयंकर राग आला. नंतरही पुष्कळदा आला. हे आधीच सांगून ठेवते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की तो आपोआप साखरेत घोळला जातो, आणि सर तसे मुळीच नव्हते.

त्यांचं घराणं संस्थानच्या काळापासून धारला. आजोबा दरबारच्या शेती खात्यात होते. त्यामुळे सरांच्या तोंडी जी मराठी होती ती महाराष्ट्रातही आता कुणी बोलत नसेल. 'सबब' म्हणायचे, 'पावेतो' म्हणायचे. एकदा मला म्हणाले, "आज लवकर जातो, आमचं कुटुंब आजारी आहे." मला वाटलं, अख्खं घर तापानं फणफणलंय. संध्याकाळी मी वसतिगृहाच्या मावशींकडून मोठा डबा भरून मुगाची खिचडी घेऊन गेले. दार सरांनीच उघडलं, ठणठणीत. आत काकू एकट्या कपाळाला सुंठ लावून पडल्या होत्या. त्यांच्या पिढीत कुटुंब म्हणजे बायको, हे मला त्या दिवशी कळलं. काकू हसून हसून उठून बसल्या. "इतकी खिचडी खाणारं कुटुंब असतं," म्हणाल्या, "तर बरंच झालं असतं की गं." त्यांना मूलबाळ नव्हतं.

सर सगळ्यांशी मराठीतच बोलायचे. बैलांशी, ट्रॅक्टरवाल्याशी, निंदणीच्या बायांशी. हिंदी येत नव्हती असं नाही. बँकेत, दवाखान्यात चोख बोलायचे. पण कुंपणाच्या आत पाऊल टाकलं की मराठी. आणि गंमत म्हणजे कुणाचं काही अडत नसे.

"काय रे, वखर घातलास का?" सर बांधावरून ओरडायचे.

"घाल दियो साब, पण माटी अबी गीली हे," ट्रॅक्टरवाला माळवीत ओरडायचा.

"मग उद्या घाल."

"काल घालूँगा साब."

इथे एखादा परका माणूस चक्रावला असता. त्याचं 'काल' म्हणजे उद्या. पण वखर बरोबर दिवशी फिरायचा.

त्यांच्या शर्टाचा खिसा कायम काळा असे. मूठभर माती उचलायची, बोटांनी वळून गोळी करायची, गोळी टिकते की फुटते बघायचं आणि मग ती टाकून न देता खिशात घालायची. का, ते कधी सांगितलं नाही. काकू म्हणायच्या, "यांचे कपडे धुवायचे म्हणजे आधी नांगरायचे."

नव्या तुकडीला ते पहिल्या दिवशी वर्गात बसू देत नसत. बांधावर उभं करायचे आणि महाविद्यालयाचा इतिहास सांगायचे, तोही मराठीत. निम्म्या मुलांना तो निम्माच कळायचा. आधी इथे दरबारच्या घोड्यांचं कुरण होतं. मग घोडे कमी झाले आणि महाराजांच्या मनात आलं की इथे नमुन्याची शेती करावी. ऊस आणला, कापसाची परदेशी बियाणी आणली. त्यातलं बरंचसं मेलं, थोडं जगलं. मग संस्थान गेलं, शेतीशाळा आली, शाळेचं महाविद्यालय झालं. मग रस्ता रुंद झाला तेव्हा आंब्याची रांग गेली. वीज मंडळाला एक तुकडा गेला. प्रशिक्षण केंद्राला एक गेला. हे सगळं ते रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगायचे, दुःख नाही की तक्रार नाही. शेवटी विचारायचे, "आता काय राहिलं?" आणि स्वतःच बोट दाखवून सांगायचे, "वर आणि खाली."

पण त्या दोन शेतांत त्यांची माया सारखी नव्हती. खरी माया 'खाली'वर. तिथली काळी माती खोल, आणि तिथे ते जुन्या पद्धतीनं माळवी गहू घ्यायचे. ही पद्धत अशी, की पावसाळाभर शेतात काही पेरायचंच नाही. नुसता वखर फिरवत राहायचं, म्हणजे पाऊस मातीत मुरतो. मग आश्विनात गहू पेरायचा आणि पुढे पाण्याचा एक थेंब न देता काढायचा. पूर्वी सगळा माळवा असाच पेरायचा. पुढे सोयाबीन आलं, कूपनलिका आल्या, आणि कुणाला शेत पावसाळाभर मोकळं ठेवणं परवडेना. आमच्या भागात ती चाल एका 'खाली'वर उरली होती. ते बियाणंही तिथलंच, वर्षानुवर्षं तिथेच पिकून तिथेच पेरलेलं. त्या गव्हाचे बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, ज्यानं खाल्ले त्याला बाजारच्या कणकेचे गोड लागत नाहीत, हे मी स्वतःच्या जिभेवरून सांगते.

वर मात्र सावत्र. तिथे सोयाबीन, मका, विद्यार्थ्यांची खुरपाखुरपी, खतांचे फुटकळ प्रयोग. मातीचा खड्डा खणून थर दाखवायचे तर दर वर्षी खालीच. "पोरांनी चांगली माती बघावी," म्हणायचे. "वर काय बघायचं? दोन वीत माती आणि मग मुरूम." रस्ता रुंद करताना वरचा काठ कापला होता, तिथे मुरूम उघडा दिसायचाही. म्हणून कुणी वाद घातला नाही. मीही घातला नाही.

दोन्ही शेतांच्या तोंडाशी पत्र्याच्या पाट्या होत्या, संस्थानी वळणाच्या जाड अक्षरांत. एका होळीला पोरांनी 'वर'च्या पाटीला मुंडावळ्या बांधल्या, खाली पाट मांडला, वर तांदूळ उधळले. सर आले. सगळे झाडामागे. सरांनी पाटी नीट निरखली आणि विचारलं, "वधू कोण?"

झाडामागून आवाज आला, "खाली, सर!"

"एकाच घरातली आहेत," सर म्हणाले. "सगोत्र. हे लग्न व्हायचं नाही." आणि मुंडावळ्या सोडून, घडी करून, खिशात घालून निघून गेले.

सर निवृत्त झाले तेव्हा रीतसर शाल-श्रीफळ झालं. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी बांधावर हजर. नवा अधीक्षक बिचारा संकोची होता, त्यानं खुर्ची देऊ केली. सर म्हणाले, "खुर्ची तुमची. मी फक्त बघून जातो." ते बघून जाणं पुढे कित्येक वर्षं चाललं. तोवर मी तिथेच पीकशास्त्र शिकवायला लागले होते.

मग एका वैशाखात ती जीप आली. जिल्ह्यात सरकारी धान्याच्या गोदामासाठी जागा शोधत होते. उन्हाळ्यात खालीत काय असणार, भेगा. जीपमधून दोघं कर्मचारी उतरले, समोर उजाड रान, आणि रानाच्या तोंडाशी पाटी: खाली. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. पुढे पाटी, मागे उघडी जमीन. तो फोटो धारच्या कचेरीत पोचला आणि महाविद्यालयानं स्वतःच पाटी लावून रिकामी म्हणून जाहीर केलेली जमीन अशी तिची नोंद झाली. यात कुणाचीच लबाडी नव्हती. त्यांनी जे लिहिलं होतं ते वाचलं.

प्राचार्यांनी सरांना आणि मला बोलावलं. प्राचार्य निमाडातले, निसरपुरचे. स्वभावानं हसरे, पण त्या दिवशी हसत नव्हते.

"सर जी, बहुत सीधा काम है," ते म्हणाले. "बोर्ड बदल देते हैं. और इस बार बारिश लगते ही उसमें सोयाबीन डाल दीजिए. साहब लोग देखने आएँगे तो हरा दिखना चाहिए."

"सोयाबीन नाही," सर म्हणाले. "पावसात पेरलं की गहू गेला. एक वर्ष मोडलं की मोडलंच."

"तो बोर्ड?"

सरांनी खिशातली मातीची गोळी काढून बोटांत फिरवायला घेतली.

माझा तोल गेला. मी म्हटलं, "सर, ते शेत मराठी बोलत नाही. तुम्ही बोलता. तुमच्या एका शब्दापायी ते चाललंय, कळतंय का तुम्हाला? आम्हाला इतकी वर्षं शिकवलंत, नीचे नाही खाली. आता घ्या खाली करून!"

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्राचार्यच हळू आवाजात म्हणाले, "सर, मेरा तो पूरा निसरपुर बाँध के पानी के नीचे चला गया. घर, खेत, मंदिर, सब. आपको एक बोर्ड बदलने में इतनी तकलीफ़?"

सरांनी विचारलं, "नवीन जागी गाव वसवलं, त्याचं नाव काय ठेवलंत?"

"निसरपुर."

"दुसरं का नाही ठेवलं?"

प्राचार्यांनी हातरुमालानं टेबलावरची काच पुसली. मग म्हणाले, "ठीक है. मैं नया लगवाता हूँ, आप पुराना मत हटाइए." अशी तडजोड झाली. हिंदीत 'निचला प्रक्षेत्र' अशी चकचकीत पाटी आली. सरांनी स्वतः उभं राहून त्याच खांबावर ती बसवून घेतली आणि जुनी तिच्याखाली लावली. म्हणाले, "बरोबर आहे. खाली खालीच पाहिजे."

पण पाटीनं कागद मागे फिरत नाही. श्रावणात अधिकारी पाहणीला आले, एक तरुण नायब तहसीलदार आणि दोन माणसं. चहूकडे सोयाबीन गुडघाभर, आणि मधोमध आमची खाली, काळी आणि उघडी. शेत वाचायचं तर आजच, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"भरी बारिश में भी खाली पड़ा है," तहसीलदार म्हणाला. "फिर दिक़्क़त क्या है?"

प्राचार्य काही बोलणार, तोच सर पुढे झाले. आणि कुंपणाच्या आत मी पहिल्यांदा त्यांना हिंदी बोलताना ऐकलं.

"साहब, ये खाली नहीं है. भर रहा है."

तहसीलदाराला कळेना. सरांनी वाकून माती उचलली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याच्याच बोटांनी गोळी वळायला लावली. मग जे बोलत सुटले! पाऊस कसा मुरतो, किती खोल जातो, आश्विनात वर कोरडी दिसणारी माती हातभर खाली कशी ओली असते, बिनपाण्याचा गहू कसा उभा राहतो. तो मुलगा लोहारदाकडचा निघाला, शेतकऱ्याच्या घरचा. म्हणाला, "हमारे दादाजी ऐसे ही बोते थे. हमने तो बंद कर दिया." गोळी हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. मला कळलं, शेत वाचलं.

जाता जाता त्यानं मान वर करून विचारलं, "और वो, ऊपर वाला?"

"वर?" सर अजून आपल्याच भरात होते. "वहाँ कुछ नहीं है साहब. दो बित्ता मिट्टी, नीचे मुरम. उसमें क्या रखा है!"

प्राचार्य खोकले. सरांना खोकला ऐकू आला नाही. तहसीलदारानं रस्त्याकडे पाहिलं, मग वरकडे, मग पुन्हा रस्त्याकडे, आणि बरोबरच्या माणसाला काहीतरी सांगितलं.

खालीचा प्रस्ताव रद्द झाल्याचं कळलं त्या दिवशी सरांनी अख्ख्या महाविद्यालयाला कचोरी खाऊ घातली. माझ्या हातात दोन ठेवल्या. "रागावतेस छान तू," म्हणाले. एवढंच. मला रडू आलं, पण कचोरी तिखट होती, त्यामुळे निभावलं.

दिवाळीनंतर दुसरं पत्र आलं. गोदाम 'वर'वर होणार. रस्त्याला लागून, जमीन हलक्या प्रतीची, खुद्द माजी अधीक्षकांनी पाहणीत तसं सांगितलेलं. प्राचार्यांनी खटपट केली, पण यावेळी बोलायला तोंड नव्हतं. सरांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "दोन्ही जाण्यापेक्षा हलकं गेलेलं बरं. खोटं तर बोललो नाही." मला ते पटलं. एक काहीतरी जाणारच होतं, तर माणूस दुसरं काय म्हणणार.

पायाची खोदाई सुरू झाली तेव्हा खालीत गहू गुडघ्याएवढा झाला होता. सर रोज सकाळी गव्हात जायचे. वरच्या बाजूला यंत्राची घरघर चालायची, तिकडे पाठ करून उभे राहायचे. चारेक दिवसांनी मी तास संपवून रस्त्यानं येत होते. कोपऱ्यातला एक खड्डा खणून झाला होता. सहज डोकावले आणि थबकले. मग सरळ खाली जाऊन सरांना म्हटलं, "सर, जरा चला."

"कुठं?"

"वर."

ते नाखुशीनं आले. खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले. माणूस बुडेल एवढा खड्डा, आणि वरपासून तळापर्यंत काळी माती. नुसती काळी. मुरमाचा खडा नाही. रस्त्याच्या काठाला मुरूम होता तो तेवढ्या पट्टीपुरता. आत, कधीकाळी तळं असावं, आणि त्यात गाळ साचत गेला असावा. खालीच्या कुठल्याही खड्ड्यात आम्ही एवढी खोल माती पाहिली नव्हती.

सर खड्ड्यात उतरू लागले. मी "सर, नको" म्हणेपर्यंत उतरलेदेखील, मजुरांनी ठेवलेल्या शिडीवरून, एकेक पायरी चाचपत. तळाशी उभं राहून त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. नखानं थोडी माती कोरली. गोळी वळली. ती फुटली नाही. दुसरी वळली. तीही नाही.

वरून ठेकेदाराच्या माणसानं माती हवी का ते विचारलं, "दादाजी, माटी चइये कई? ट्रॉली भिजवा दूँ? यां तो भराव में जई री हे."

सरांनी दोन्ही गोळ्या खिशात घातल्या. मग माझ्याकडे वळले. चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता.

"देवासकर," ते म्हणाले, "आजोबा सांगून गेले मुरूम आहे, म्हणून मुरूम. जन्मभर इथं राबलो, पण एक कुदळ मारून बघितली नाही. सगळा जीव त्या खालीत. मी कधी वर बघितलंच नाही गं."

मी काठावर गुडघे टेकून हात पुढे केला. ते लगेच वर आले नाहीत.